रिव्ह्यूमधला ‘पण’ कुठे जातो?

नाशिकच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: ‘डिसेंबरात आईसाठी २२ हजारांचा मोबाइल घेतला. घेण्याआधी पाच रिव्ह्यू पाहिले, तीन वाचले. सगळ्यांनी वाखाणला होता. एप्रिल लागला आणि दुपारी अंगणात चार फोटो काढले की फोन तापतो, कॅमेरा आपोआप बंद होतो. लॉकस्क्रीनवर कुठल्या कुठल्या गेमच्या जाहिराती येतात, आई घाबरून मलाच फोन लावते. आठांपैकी एकानेही यातलं काही सांगितलं नव्हतं. सगळे विकले गेलेत का? आणि तुम्हीही त्यातलेच ना?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, त्यातलाच. १९ वर्षं हेच करतोय. आधी एका दैनिकाच्या पुरवणीत होतो, मग एका मासिकात, आता स्वतःचं काम आहे. त्यामुळे पुढचं सगळं आतून पाहिलेलं आहे आणि त्यातलं काही मी स्वतः केलेलंही आहे.

‘विकले गेलेत का’ याचं उत्तर मात्र तुम्हाला वाटतं तसं नाही. आमच्याकडे ‘पाकीट’ हा शब्द जुना आहे. पण १९ वर्षांत गॅजेटच्या बाबतीत उघड उघड पाकीट माझ्यापुढे दोनदाच आलं. एकदा प्रेस नोटच्या पेन ड्राइव्हच्या डबीत दोन हजारांचं गिफ्ट व्हाउचर निघालं, आणि एकदा एक गृहस्थ थेट आकडाच बोलले. दोन्ही वेळा नाही म्हणणं सोपं गेलं, कारण समोर काय आहे ते स्पष्ट दिसत होतं. अवघड असते ती भीड. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण लहानपणी पाठ केली होती, तिचा अर्थ कळला तो या धंद्यात.

तो कसा कळला ते सांगतो. पुरवणीत असताना मी एका नव्या कंपनीच्या फोनबद्दल लिहिलं होतं. दुसऱ्याच परिच्छेदात वाक्य होतं: फोन छान आहे, पण पुण्या-मुंबईबाहेर या कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही. संध्याकाळी जाहिरात विभागातले एक ज्येष्ठ सहकारी चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी आले. दरडावलं वगैरे काही नाही. खुर्ची ओढून बसले, घरची चौकशी केली आणि म्हणाले, ‘अरे, तो ‘पण’ जरा खाली घे ना. काढू नकोस हं. नुसता खाली घे.’ मी घेतला. शेवटच्या परिच्छेदात टाकला. रात्री पान लावताना खालच्या बाजूला एक पट्टी जाहिरात आली, मजकूर सहा ओळींनी वाढत होता. पानावर मजकूर वाढला की खालून कापतात, ही रीतच आहे. सकाळी पेपर उघडला तर फोन छान होता आणि ‘पण’ नव्हता.

यात कोणी खोटं बोललं नाही. कोणी पैसे घेतले नाहीत. उपसंपादकाने आपलं काम केलं, पान लावणाऱ्याने आपलं केलं. आणि जळगावच्या, लातूरच्या माणसाला सर्व्हिस सेंटरचं कळलं नाही. पण खरी गोष्ट याच्या पुढची आहे. त्यानंतर तीन-चार महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की कोणी सांगितलेलं नसताना मी ‘पण’ आपणहून खाली लिहायला लागलो होतो.

तुमच्या आठ रिव्ह्यूंत काय झालं असेल, तर बहुतेक हेच.

आता फोन आमच्याकडे येतो कसा ते बघा. समजा बुधवारी संध्याकाळी कुरिअरवाला येतो. खोकं कोरं असतं, आत फोन, कधी एखादी भेटवस्तू, आणि त्याआधीच मेलवर आलेला गुप्ततेचा करार. करारात एम्बार्गोची वेळ असते, म्हणजे त्या क्षणाआधी एक अक्षर छापायचं नाही. ती वेळ असते पुढच्या मंगळवारी दुपारी बाराची. म्हणजे हातात साडेपाच दिवस. बाराच्या ठोक्याला सगळ्यांचे रिव्ह्यू एकदम येतात, तुम्ही त्याच संध्याकाळी ते पाहता. ज्याने आणखी आठ दिवस घेतले त्याचा रिव्ह्यू तोवर शिळा झालेला असतो. तो सर्चमध्ये खाली जातो, त्यावर जाहिरात मिळत नाही. दोष काढला म्हणून शिक्षा झाल्याचं मी क्वचित पाहिलं. उशीर केला म्हणून मात्र दरवेळी.

फोनसोबत रिव्ह्यूअर्स गाइड येतं. तीस-चाळीस पानांची पीडीएफ. त्यात खोटं काही नसतं. कॅमेऱ्याचा कोणता मोड रात्री वापरून पाहावा, कोणता गेम लावावा, तुलना कोणत्या जुन्या मॉडेलशी करावी, सगळं नीट मांडलेलं असतं. वाइड कॅमेरा सामान्य असेल तर त्याच्यावर अर्धी ओळ. घाईत असलेला माणूस परीक्षेच्या आदल्या रात्री अपेक्षित प्रश्नसंच वाचतो तसं ते वाचतो. उत्तरं आमचीच असतात, म्हणून आम्हाला आपण स्वतंत्र आहोत असं वाटत राहतं. प्रश्न कुणी काढले ते विसरून जातो.

तुमच्या आईंच्या फोनचं हेच झालं असणार. तो डिसेंबरात आला, म्हणजे रिव्ह्यू झाला नोव्हेंबर-डिसेंबरच्या हवेत आणि बहुधा एसीच्या खोलीत. माझ्याकडे १,२०० रुपयांचं इन्फ्रारेड थर्मामीटर आहे, त्याने मी फोनची पाठ मोजतो. एक फोन मी जानेवारीत गच्चीवर भर दुपारी फोरके व्हिडिओ चालू करून ठेवला होता. २४ मिनिटं झाली तरी काही नाही, मी कंटाळून बंद केला. तोच फोन एप्रिलच्या अखेरीस त्याच कठड्यावर, त्याच वेळेला ठेवला, तर सातव्या मिनिटाला स्क्रीन मंद झाली आणि नवव्याला ‘फोन थंड होऊ द्या’ अशी सूचना येऊन कॅमेरा बंद. फोन तोच. फरक होता महाराष्ट्रातल्या उन्हाळ्याचा, आणि तो एम्बार्गोच्या साडेपाच दिवसांत बसत नाही.

लॉकस्क्रीनवरच्या जाहिरातींचं कारण आणखी साधं आहे. आम्ही लोक फोन सुरू करताना प्रत्येक परवानगीच्या पानावर थांबतो, खालचं बारीक अक्षर वाचतो, ‘नको’ शोधून दाबतो. सवय आहे. आईंचा फोन दुकानातल्या पोराने दीड मिनिटात सुरू करून दिला असेल. त्याने सगळीकडे ‘सहमत’ दाबलं असणार. शिवाय अशा जाहिराती पुष्कळदा पहिल्या दिवशी दिसत नाहीत, काही दिवसांनी किंवा एखाद्या अपडेटनंतर हळूच सुरू होतात. आमचा रिव्ह्यू तोवर छापून झालेला असतो. इथे आम्ही विकलो गेलो नव्हतो, आंधळे होतो. पण हा आंधळेपणा कंपनीच्या पथ्यावर पडतो, कारण स्वस्त फोनवरचा नफा ती याच जाहिरातींतून काढते आणि चाळीस पानी गाइडमध्ये त्याचा उल्लेख असण्याचं कारण नाही.

प्रवासाचंही सांगून टाकतो. गोव्यातल्या एका रिसॉर्टवर दोन रात्रींचं लाँच, येण्याजाण्याचं विमान त्यांचं. ‘खोली कुठली दिली यावर माझं मत ठरत नाही’ असं मी छाती पुढे काढून सांगायचो, आणि खोलीपुरतं ते खरंही होतं. पण तिथे कंपनीची प्रसिद्धी बघणाऱ्या पीआर एजन्सीतली जी मुलगी आमची व्यवस्था बघत होती, तिला माझ्या लेकीचा वाढदिवस लक्षात होता. रात्री दोनला कुणाची तब्येत बिघडली तर तीच गाडी काढून गेली होती. आठवड्याने ‘सर, कव्हरेज कधी येतंय?’ म्हणून फोन येतो तो तिचाच. रिव्ह्यू वाईट गेला तर तिला वरून बोलणी बसणार हे मला माहीत असतं. कंपनीशी वाईट वागायला मला काही वाटत नाही. तिच्याशी वागायला वाटतं. याला आपल्याकडे मिंधेपणा म्हणतात, आणि तो कुठल्याच कराराच्या कागदावर लिहिलेला नसतो.

कधी कधी मात्र पडदा सरकतो आणि व्यवहार लख्ख दिसतो. २०१२ मध्ये सॅमसंगने आपल्या कार्यक्रमातून दोन भारतीय ब्लॉगरांना बर्लिनच्या आयएफए या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनाला नेलं. तिथे गेल्यावर त्यांना कंपनीचा गणवेश घालून स्टॉलवर उभं राहून लोकांना उपकरणं दाखवायला सांगितलं गेलं. आम्ही वार्तांकनाला आलोय, हे करणार नाही, म्हटल्यावर परतीच्या तिकिटाचं तुमचं तुम्ही बघा, अशी वेळ त्यांच्यावर आली. शेवटी त्यांच्या मदतीला धावली ती नोकिया, म्हणजे प्रतिस्पर्धी कंपनी! सॅमसंगने नंतर गैरसमज झाल्याचं सांगितलं. मला त्या प्रकरणात गणवेशाचं फार महत्त्व वाटतं. बाकीच्यांच्या अंगावर तो नसतो, एवढंच.

परीक्षणाला वस्तू देणंच बंद करणं हा कंपन्यांचा दुसरा उपाय. डिसेंबर २०२० मध्ये कॉम्प्युटरवर गेम खेळायला लागणारी ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने ऑस्ट्रेलियातल्या हार्डवेअर अनबॉक्स्ड या चॅनेलला कळवलं, की तुम्हाला आमची ग्राफिक्स कार्डं यापुढे परीक्षणाला मिळणार नाहीत. कारण काय, तर ते रे ट्रेसिंग या प्रकाश-सावली खरी भासवणाऱ्या नव्या तंत्रापेक्षा साध्या पद्धतीने गेम किती वेगात चालतो यावर जास्त भर देत होते. आकडे चुकीचे आहेत अशी तक्रारच नव्हती. प्रश्न चुकीचे विचारता, अशी होती. इतर परीक्षकांनी गहजब केला आणि काही दिवसांत कंपनीने निर्णय मागे घेतला. ते चॅनेल मोठं होतं म्हणून गहजब झाला. सोलापुरातून मराठीत चॅनेल चालवणाऱ्या मुलाला पुढच्या वेळी कुरिअर आलंच नाही, तर त्याला ते कळायलाही महिना लागतो, आणि तो गहजब कुणापुढे करणार?

ऑगस्ट २०२४ चं गूगलचं उदाहरण तर लेखी आहे. ‘टीम पिक्सेल’ या कार्यक्रमात फुकट फोन घेणाऱ्या क्रिएटरांच्या फॉर्मवर अट होती, की प्रतिस्पर्ध्यांच्या फोनऐवजी गूगलचा पिक्सेल फोन दाखवायचा, आणि दुसऱ्या ब्रँडला झुकतं माप मिळतंय असं दिसलं तर संबंध संपला. बोभाटा झाल्यावर गूगलने शब्दरचना चुकल्याचं मान्य करून ती ओळ काढली. पत्रकारांना जे फोन देतात त्यांचा कार्यक्रम वेगळा होता, हेही सांगायला हवं. पण ती अट वाचून आमच्यातल्या कुणाला धक्का बसला नाही. नवल वाटलं ते कुणीतरी ती लिहून ठेवल्याचं.

मालकांचा हात किती लांब असतो याचा नमुना २०१३ च्या जानेवारीत लास व्हेगसच्या सीईएस प्रदर्शनात दिसला. सीनेट ही त्या वेळी सर्वांत नावाजलेल्या तंत्रज्ञान-वार्तांकन संस्थांपैकी एक, आणि प्रदर्शनातल्या सर्वोत्तम वस्तूचा अधिकृत पुरस्कार तीच ठरवायची. संपादकांनी निवड केली डिश या अमेरिकेतल्या उपग्रह टीव्ही कंपनीच्या ‘हॉपर’ या सेट-टॉप बॉक्सची. हॉपर टीव्हीवरच्या जाहिराती आपोआप वगळायचा, त्यामुळे वाहिन्यांनी डिशला कोर्टात खेचलं होतं, आणि त्यातली एक वाहिनी सीबीएस, म्हणजे सीनेटची मालक! सीबीएसने हॉपर शर्यतीतून काढायला लावला. ग्रेग सँडोव्हल या बातमीदाराने राजीनामा दिला. प्रदर्शन भरवणाऱ्या संघटनेने पुढे हॉपरला पुरस्कार जाहीर केला आणि सीनेटशी त्या पुरस्काराचं नातंच तोडलं. पाच वर्षं आधी, नोव्हेंबर २००७ मध्ये, गेमस्पॉट या गेमची परीक्षणं छापणाऱ्या साइटवर जेफ गर्स्टमन यांनी एका गेमला दहापैकी सहा गुण दिले. त्याच वेळी त्याच गेमच्या जाहिरातींनी गेमस्पॉटचं पान रंगलेलं होतं. त्यांची नोकरी गेली, आणि का गेली हे ते उघडपणे बोलू शकले २०१२ मध्ये.

माझ्या टेबलाशी आलेला तो चहाचा कप आणि सीबीएसचा आदेश, जात एकच. फक्त तिकडे राजीनामा देणारा माणूस होता. मी ‘पण’ खाली घेतला.

बरं, परीक्षक सगळा प्रामाणिक धरला तरी त्याच्या हातातली वस्तू प्रामाणिक असते का? २०१७ मध्ये वनप्लस ५ चे रिव्ह्यू आले तेव्हा एक्सडीए डेव्हलपर्स या तंत्रज्ञांच्या साइटवरच्या लोकांनी दाखवून दिलं, की परीक्षणाला दिलेला फोन बेंचमार्कचं, म्हणजे वेग मोजणारं, ॲप नावावरून ओळखतो आणि तेवढ्यापुरता प्रोसेसरचे लहान कोअर पूर्ण वेगाला टेकवून ठेवतो. परीक्षक जो आकडा छापत होते तो रोजच्या वापरातला नव्हताच. किंग्स्टनच्या व्ही३०० या एसएसडीचं, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या साठवणीच्या ड्राइव्हचं, याहून गमतीचं. सुरुवातीला परीक्षकांनी तपासलेल्या ड्राइव्हमध्ये वेगवान मेमरी होती, पुढे त्याच नावाच्या, त्याच खोक्यातल्या ड्राइव्हमध्ये हळू मेमरी यायला लागली. जुने रिव्ह्यू तसेच, चांगले गुण मिरवत उभे. लग्न ठरवताना दाखवली थोरली आणि बोहल्यावर उभी केली धाकटी, असा प्रकार.

आणि फ्रीडम २५१ आपण सगळ्यांनीच पाहिला. फेब्रुवारी २०१६, नोएडाची रिंगिंग बेल्स कंपनी, २५१ रुपयांत स्मार्टफोन, पेपरांत पानभर जाहिराती. पत्रकारांना जो नमुना मिळाला तो ॲडकॉम या दुसऱ्याच कंपनीचा फोन निघाला, पुढच्या बाजूचं नाव व्हाइटनरने पुसलेलं! नखाने खरवडलं की नाव दिसत होतं. या प्रकरणात आमच्या लोकांनी काम चोख केलं. व्हाइटनर दिसला, त्याची बातमी झाली. कंपनी नवखी होती, तिची कुणाला भीड नव्हती, हेही त्यामागे होतं असं मला वाटतं.

मराठीत एक जादा अडचण आहे. आपल्याकडे तंत्रज्ञानाची बातमी म्हणून जे येतं त्यातलं बरंचसं परीक्षण नसतंच, प्रेस नोटचं भाषांतर असतं. इंग्रजी प्रेस नोट एजन्सीकडून हिंदी होऊन येते, तिची मराठी होते, आणि ‘तगडी बॅटरी’, ‘दमदार कॅमेरा’, ‘धमाकेदार एंट्री’ हे शब्द वाटेत कुठेही न थांबता थेट तुमच्या स्क्रीनवर उतरतात. डेस्कवरच्या मुलाला दिवसाला दहा-बारा बातम्या द्यायच्या असतात, फोन त्याने पाहिलेलाही नसतो. मी त्याला दोष देत नाही. पण शीर्षकात ‘तगडी’ दिसलं की ते वाक्य कंपनीचं आहे असं खुशाल धरा.

मग ‘२० हजारांखालचे ५ सर्वोत्तम मोबाइल’ या याद्या. दसऱ्याच्या सुमारास त्यांचं पीक येतं, सेल लागतात म्हणून. खालच्या लिंकवरून तुम्ही फोन घेतला की यादी करणाऱ्याला कमिशन मिळतं. यात मुळात पाप काही नाही. अमेरिकेत २०११ ला सुरू झालेली वायरकटर ही वस्तूंची शिफारस करणारी साइट याच कमिशनवर उभी राहिली, उघड सांगून आणि मेहनतीने चाचण्या करून, आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ती सुमारे ३ कोटी डॉलरना घेतली. मला खटकतं ते वेगळंच. लिंकवाल्या यादीत ‘तुमचा जुनाच फोन अजून वर्षभर वापरा, ९०० रुपयांची बॅटरी बदला’ हा सल्ला कधीच येत नाही, कारण त्याला लिंक नसते. गल्लीतल्या दुकानात चांगल्या भावात मिळणारं मॉडेल येत नाही, त्यालाही लिंक नसते. पाचही फोन खरोखर बरे असू शकतात. पण तुमचा प्रश्न ‘कोणता घेऊ’ असाच आहे हे यादीने तुमच्या वतीने ठरवून टाकलेलं असतं. आणि कमिशनचे दर ठरतात दुकानाच्या हातात. एप्रिल २०२० मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत अनेक वर्गांतले दर एका फटक्यात खाली आणले, तेव्हा कितीतरी जणांचं महिन्याचं गणित कोसळलं.

कायदा आहे का? आहे. एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन संस्थेचे इन्फ्लुएन्सरांसाठीचे नियम जून २०२१ पासून लागू आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर नियमावली आणली, आणि जानेवारी २०२३ मध्ये सरकारने समजावून सांगितलं की नुसते पैसेच नव्हे, फुकट वस्तू, प्रवास, हॉटेलातला मुक्काम हेसुद्धा हितसंबंध आहेत आणि ते पटकन दिसतील असे जाहीर केले पाहिजेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभुलीला १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. कागदावर उत्तम. पण ‘हा फोन कंपनीने दिला आहे’ ही ओळ व्हिडिओच्या वर्णनात, ‘आणखी पाहा’ दाबल्यावर, सतरा हॅशटॅगांच्या खाली असते.

या सगळ्यापेक्षा जास्त शिस्त लावली ती आयकर खात्याने. जुलै २०२२ पासून कलम १९४आर आलं. वर्षाला २० हजारांपेक्षा जास्त किमतीची वस्तू भेट म्हणून ठेवून घेतली तर १० टक्के कर कापून जमा करायचा. वापरून परत केली तर ती भेट धरायची नाही, असं खात्याने परिपत्रकात मोबाइलचं नाव घेऊनच स्पष्ट केलं. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या खोक्यांसोबत परतीचा कागद नेमाने यायला लागला. आधी ‘सर, राहू द्या, गरज पडेल’ असायचं. नीतिमत्तेच्या शंभर परिसंवादांनी जे झालं नसतं ते टीडीएसने केलं.

अमेरिकेतलं एक प्रकरण सांगतो, कारण तिथे दंड खरोखर झाला. पिक्सेल ४ चे गोडवे रेडिओवर निवेदकांनी ‘मी वापरतो’ अशा थाटात गायले होते, आणि त्यांनी तो फोन हातातही घेतलेला नव्हता. २०२२ मध्ये गूगल आणि आयहार्टमीडिया ही रेडिओ कंपनी यांना हे प्रकरण ९४ लाख डॉलर भरून मिटवावं लागलं.

तुम्ही विचाराल, मग स्वतः विकत घेऊन का तपासत नाही? अमेरिकेतलं कन्झ्युमर रिपोर्ट्स १९३६ पासून तेच करतं. दुकानात जाऊन नाव न सांगता वस्तू घ्यायची, जाहिरात एकही घ्यायची नाही, वाचकांच्या वर्गणीवर चालायचं. जुलै २०१० मध्ये त्यांच्या चाचणीत आयफोन ४ ला स्मार्टफोनांत सर्वाधिक गुण मिळाले होते, तरी त्यांनी जाहीर केलं की डाव्या खालच्या कोपऱ्यावर हात पडला की सिग्नल जातो, म्हणून आम्ही याची शिफारस करू शकत नाही. चारच दिवसांत स्टीव्ह जॉब्झना पत्रकार परिषद घेऊन ग्राहकांना फुकट कव्हर द्यायचं जाहीर करावं लागलं. म्हणजे गुण सगळ्यांत वर आणि ‘पण’ त्याच्याही वर. ते वाचलं तेव्हा मला माझ्या कापल्या गेलेल्या सहा ओळी आठवल्या.

आपल्याकडेही ही परंपरा अगदीच नाही असं नाही. मुंबईची कन्झ्युमर गायडन्स सोसायटी १९६६ पासून आहे. दुधाचे नमुने बाजारातून उचलून तपासण्याचं काम ती करत आलीय. पण दुधाची पिशवी आणि मोबाइल यांच्या किमतीत फरक आहे. महिन्याला आठ फोन, सरासरी २५ हजार, म्हणजे दोन लाख नुसते खरेदीला, आणि महिन्याने विकायला काढले की तिसरा हिस्सा बुडालाच. हे पैसे वाचक देत असेल तर जमतं. मराठी वाचक दिवाळी अंकाला चारशे रुपये आनंदाने देतो, मोबाइलच्या परीक्षणाला एक रुपया देत नाही. ही तक्रार नाही, मी स्वतः तरी कुणाला देतो?

मी सध्या जे करतो ते अर्धवटच आहे. फोन कंपनीचाच घेतो, वर पहिल्या ओळीत तसं लिहितो, लाँचच्या दिवशी फक्त ‘पहिली ओळख’ देतो आणि निकाल देत नाही. दर तिमाहीला दोन फोन स्वतःच्या पैशाने दुकानातून घेतो, तेही कंपनीकडून आलेलं मॉडेलच, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघतो. आजवर एकदाच मोठा फरक सापडला. जाहिरातीचं उत्पन्न घटलं आहे, खोटं कशाला सांगू. आणि ‘पण’ दुसऱ्या परिच्छेदाच्या खाली जाऊ द्यायचा नाही, एवढा एक नियम पाळतो.

पुढचा फोन घ्याल तेव्हा लाँचच्या दिवशीचे पाच रिव्ह्यू बघण्यापेक्षा त्याच मॉडेलचा, तीन महिने वापरून केलेला एक रिव्ह्यू शोधा. नसेल तर दुकानाच्या साइटवर तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचा. पाच तारेवाले आणि एक तारेवाले दोघेही रागालोभात असतात, तीन ताऱ्यांत ‘पण’ सापडतो. परीक्षकाने तुलना कशाशी केली ते बघा. त्याच कंपनीच्या मागच्या वर्षीच्या फोनशी केली असेल तर ती गाइडमधली आहे. त्याच किमतीच्या दुसऱ्या कंपनीच्या फोनशी, आणि तो दुसरा फोन व्हिडिओत प्रत्यक्ष हातात दिसतोय, तर माणसाने कष्ट घेतलेत. आणि ज्याने गेल्या वर्षभरात एकाही फोनला ‘घेऊ नका’ म्हटलेलं नाही, त्याचं ‘घ्या’ कितपत धरायचं ते तुम्ही ठरवा.

आता आईंच्या फोनचं. सेटिंग्जमध्ये लॉकस्क्रीन किंवा वॉलपेपर या भागात जाऊन तिथली आपोआप बदलणाऱ्या चित्रांची सोय बंद करा, आणि नोटिफिकेशन्समध्ये ब्राउझर, थीम, ॲप स्टोअर यांच्या सूचना बंद करा. जाहिराती बऱ्याच आटोक्यात येतील. कव्हर जाड सिलिकॉनचं असेल तर उन्हात काढून बघा. तरीही कॅमेरा बंद होत असेल तर दुसऱ्या फोनने त्याचा व्हिडिओ घ्या, सूचना आणि वेळ दिसेल असा, आणि वॉरंटीत आहे तोवर सर्व्हिस सेंटरला जाऊन जॉबशीट, म्हणजे तक्रारीच्या नोंदीचा कागद, लेखी घ्या. ‘उन्हात सगळेच फोन तापतात’ म्हणून तोंडी वाटेला लावतील, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं.

आणि मॉडेलचं नाव तेवढं कळवा. बहुधा तो मीही तपासलाय, डिसेंबरातच.